चौकातला बगळा

कॉलेजसमोरच्या चौकातल्या लोखंडी बगळ्याकडे येणारं-जाणारं कुणी ढुंकूनही बघत नाही, हा तिच्या एम.ए.च्या प्रबंधाचा निष्कर्ष. सार्वजनिक शिल्पांच्या या अभ्यासासाठी तिने दोन वर्षं उन्हातान्हात चारशे लोकांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं होतं. आज तोंडी परीक्षा होती. इथे घसरलं तर आणखी एक वर्ष पाण्यात! आणि बाहेरून आलेल्या परीक्षक बाई तर अर्धा तास नुसती पानं उलटत होत्या.

"आज येताना बगळा पाहिलास?" बाईंनी एकदम विचारलं.

"हो मॅडम, रोजच बघते. आत्ताही त्याच्यासमोरूनच आले."

बाईंच्या कपाळावर आठी चढली. तिची बाजू सावरायला शेजारी बसलेले मार्गदर्शक सर घाईघाईने म्हणाले, "मीसुद्धा पाहिला ना! स्कूटर त्याच्याच पायाशी लावलीये."

बाईंनी शांतपणे पेनाचं टोपण काढलं आणि 'उत्तीर्ण'समोर सही ठोकली.

"निष्कर्ष अगदी पटला मला. बगळा आठ दिवसांपूर्वीच रंगवायला नेलाय, तशी पाटीही लावलीये तिथे; चौथरा रिकामा आहे."