घरचा आकडा

पोळी उलटता उलटता हेमांगीने मनगटावरच्या पट्टीकडे पाहिलं. लग्नात तिने आणि निरंजनने एकमेकांना अशा पट्ट्या बांधल्या, तेव्हापासून त्याच्या हृदयाचे ठोके तिला दिसत, तिचे त्याला. आत्ता एकसष्ट. हा तर मैदानावर धावायला गेलाय, मग ठोके एकसष्ट कसे?

घरी तिच्यासमोर तो नुसता पेपर वाचत बसला तरी आकडा अठ्ठ्याऐंशी असायचा. "सोळा वर्षं झाली, अजून मला पाहिलं की याचं काळीज धडधडतं!" भिशीत ती पट्टी दाखवून सगळ्याजणींना सांगायची.

तिने गॅस बंद केला, पायात चपला सरकवल्या आणि तडक मैदान गाठलं.

निरंजन कडेच्या बाकावर बसला होता. पायात धावायचे बूट, शेजारी खालच्या मजल्यावरच्या सुलेखा थत्ते, आणि मधे पातेलं. दोघं मटार सोलत होते. घरी हा शेंगेला हात लावत नसे. बोलतही कोणी नव्हतं. या सुलेखाजवळ त्याचं काळीज धडधडत असतं, तर हेमांगी कडाकडा भांडली तरी असती.

तेवढ्यात त्याच्या मनगटावरच्या पट्टीवर तिचे ठोके एकशे तीसला पोचले. त्याने दचकून मान वळवली.

"अगं, तू? मी... निघतच होतो."

ती आपल्या पट्टीवर बघत राहिली. एकसष्ट. चौऱ्याहत्तर. मग अठ्ठ्याऐंशी, आणि आकडा तिथेच थांबला. भिशीत ती मिरवायची, तोच.