सिग्नलची सावली

सुशीलने सदर भागात हॉट योगाचा क्लास लावला, तेव्हा अख्खं नागपूर आधीच भट्टीसारखं तापलं होतं. तरी हा पठ्ठ्या बंद खोलीत हीटर लावून घाम गाळत होता. आपलं डोकं थंड झालं, अशी त्याची स्वतःचीच खात्री पटली, तसा तो हुडकेश्वरला, त्याच्या संतापाला कंटाळून माहेरी जाऊन बसलेल्या बायकोला, काजलला आणायला गेला. स्कूटरवर रस्ताभर एकच टकळी.

"आता मले रागच येत नाही वं. आतून एकदम शांती!"

काजल मागे मांडीवरची बॅग सांभाळत बसली होती.

सिग्नल लाल झाला. मे महिन्यात नागपुरात पांढऱ्या पट्ट्याजवळ कोण थांबतं? सगळे मागेच, कडुनिंबाच्या सावलीत. तिथे एक म्हातारा सायकल धरून उभा होता.

"ए बुढ्ढ्या, काहून अडून राहिला इथं? सरक!"

म्हातारा मुकाट्याने उन्हात सरकला. सुशीलने स्कूटर सावलीत घेतली आणि शाबासकी मिळणार अशा चेहऱ्याने मागे वळला.

"पाह्यलं? हात नाही उचलला. योगाचा फरक आहे हा."

काजल बॅग घेऊन खाली उतरली.

"काहून उतरली वं?"

"तुमची शांती तुम्हीच घेऊन जा घरी."

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजायला लागले, तसा सुशील शिव्या घालत पुढे गेला. म्हातारा सायकलवर टांग टाकेपर्यंत सिग्नल पुन्हा लाल झाला.

"या बाबाजी, सावलीत या," काजल म्हणाली. "जागा झाली."