एकच धक्का

वरवट बकालच्या स्टँडासमोर गाडीनं कडाड् असा आवाज केला, दोन हिसके दिले आणि जीव सोडला. मागच्या सीटवर आशाबाईच्या खांद्यावर टेकलेल्या रामरावांनी अजून सोडला नव्हता, पण छातीत कळा येत होत्या. जळगाव जामोदच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, वेळ न घालवता शेगावच्या मोठ्या दवाखान्यात न्या.

गजेंद्रनं चावी फिरवली. इंजिन रिकाम्या जात्यासारखं नुसतंच घरघरलं.

“बाबा, टायमिंगची चेन सटकली. मिस्तरी कवाचा सांगून राह्यला होता, ढिली झाली म्हून.”

“ढिला तं मीबी झालो,” रामराव घाम पुसत म्हणाले. “मले बदलतं का बे?”

आशाबाईला ती चेन आवाजानं माहीत होती. रोज सकाळी गाडी चालू केली की डब्यात खिळे हलवल्यासारखी वाजायची. रामराव म्हणायचे, जुनं इंजिन आहे, बोलणारच. मग चेन तशीच राहिली आणि सीटांना मखमली कव्हरं आली. त्याच मखमलीत आता त्यांची बोटं रुतली होती.

तेवढ्यात चहाच्या टपरीवरून निवृत्ती आला आणि त्याच्या मागून अख्खी टपरी आली. बंद पडलेली गाडी दिसली की आपल्याकडे माणसांचे हात शिवशिवतात. आत कोण आहे, काय झालंय, हे ढकलून झाल्यावर विचारायचं.

“काही नाही हो, एकच धक्का!” निवृत्ती बाह्या सारत म्हणाला.

“धक्का नका मारू!” गजेंद्र खिडकीतून ओरडला. “चेन सटकली हाय, इंजिनातले वाल वाकतीन!”

“वाल वाकतीन म्हन्ते! इंजिन हाय का शेंगांचा वेल?”

हशा पिकला. त्या हशात आणखी चार हात डिकीला लागले.

मागून कुशलचा ऑटो येऊन थांबला. त्यानं आत डोकावून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. “काकू, काकाले माह्या ऑटोत घ्या. सवारी नाही, काही नाही. सीधा शेगाव.”

आशाबाईनं दार उघडलं. “चला हो, उठा.”

“लाव ते दार.” रामरावांना धाप लागली होती, तरी आवाज पंचायतीतलाच होता. “घरी चारचाकी असून रामराव ऑटोत गेला, लोकं काय म्हन्तीन?”

“म्हनू द्या ना लोकायले!”

“मी जाईन तं आपल्या गाडीत. गजेंद्र, दुसऱ्यात टाक!”

“भाऊ बरोबर बोलले!” लोकांनी मागून निकाल दिला.

बापाला एक गोष्ट दोनदा सांगायला लावायची गजेंद्रची हिंमत कधी झाली नव्हती. त्यानं गिअर टाकला. गाडी पुलापर्यंत गेली, क्लच सुटला आणि आतून हाडावर हाड घासल्यासारखा आवाज आला.

“लागली, लागली!” सगळे ओरडले. गाडी काही चालू झाली नव्हती.

मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की उतार तर दुसऱ्या बाजूला आहे. गाडी वळवली. ती स्टँड ओलांडून गेली, शेगाव पाठीमागं राहिलं, पण उतार मिळाला. पब्लिक खूश झालं.

“काका, धीर धरा, होऊन राह्यलं!”

आशाबाईच्या खांद्यावरचं डोकं जड होत चाललं होतं. “आशे,” रामराव पुटपुटले, “लागली का गाडी?”

“हाव,” ती म्हणाली. “लागली.”

मखमलीतली बोटं सुटली.

तिनं हाक मारली नाही. हलवून पाहिलं नाही. मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं, तर लालबुंद तोंडांची रांगच्या रांग. मधोमध कुशल, सगळ्यात जास्त जोर तोच लावत होता. त्याच्या पाठीमागं, स्टँडापाशी, त्याचा ऑटो उभा होता. रिकामा. इंजिन चालू.

“जोर लगाके!”

“हैशा!”

आशाबाईनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “हळू ढकला रे, बाप्पा,” ती म्हणाली. “आता काही घाई नाही.”

मागं फक्त ‘ढकला’ एवढंच ऐकू गेलं. सगळ्यांनी दातओठ खाऊन जोर लावला.