चौथ्या बरगडीखाली

ताईने सुरी उपसून बाहेर काढली, तेव्हा जखमेतून आधी हवा आली, मग रक्त. "काढू नको!" असं धाकटी ओरडली, पण तोवर उशीर झाला होता. ताईचा नवरा भिंतीला घासत खाली बसला.

खोली एकच. कॉट, टेबल, कोपऱ्यात गॅसचा ओटा, भिंतीवर सांगाड्याचा तक्ता. दहा मिनिटांपूर्वी ताई पुस्तक मांडीवर घेऊन धाकटीला प्रश्न विचारत होती. धाकटी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती, उद्या तोंडी परीक्षा. ताईचं शिक्षण आठवीपर्यंत, पण नवऱ्याला सोडून इथे राहायला आल्यापासून दोन महिने प्रश्न विचारून विचारून तिचंही अर्धं पुस्तक पाठ झालं होतं. हृदय कुठे? छातीत, डावीकडे. केवढं? आपल्या मुठीएवढं. तेवढ्यात दाराची कडी तुटली.

"अभ्यास चाललाय होय?" तो आत येत म्हणाला होता. "माणसाची चिरफाड शिकताय दोघी? या, मी शिकवतो."

त्याने ताईचे केस धरले आणि तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा मागे ओढलं, तेव्हा ओट्यावरची भाजीची सुरी ताईच्या हातात होती. ती वळली. त्याच्या शर्टाकडे क्षणभर नीट बघितलं आणि मारली.

धाकटीने त्याचा शर्ट फाडला. उजवीकडे, चौथ्या बरगडीखाली, बोटभर फट. तो श्वास आत घेई तेव्हा फट चोखल्यासारखा आवाज करी, सोडला की गुलाबी फेस बाहेर येई. तिने तळहात दाबून धरला. दुसऱ्या हाताने पुस्तक ओढलं, त्याचं प्लॅस्टिकचं कव्हर दातांनी फाडलं आणि जखमेवर पसरलं. टेबलावरची चिकटपट्टी घेऊन तीन बाजू चिकटवल्या. चौथी मोकळी ठेवली, आत कोंडलेली हवा निघायला. वर्गात हे पुतळ्यावर करून घेतलं होतं. पुतळ्याला घाम येत नाही. पट्टी दोनदा सुटली.

"सोड त्याला," ताई म्हणाली. तिच्या कपाळावरचं रक्त डोळ्यात उतरत होतं, ते ती पुसत नव्हती.

"ताई, फोन लाव."

ताई हलली नाही. धाकटीने रक्ताळलेल्या अंगठ्याने स्वतःच अँब्युलन्सचा नंबर लावला, फोन जमिनीवर ठेवला आणि स्पीकर चालू केला.

"नर्सबाई," तो म्हणाला. ओठ पांढरे पडले होते. "मरतो का मी?"

"बोललात तर मराल. गप्प बसा, भाऊजी."

"अकरा वर्षांत पहिल्यांदा याला कुणी गप्प बसवलं," ताई म्हणाली. "त्यासाठी भोक पाडावं लागलं."

फोनवर एक पुरुष बोलू लागला. एकाला सुरी मारलीय, एवढं धाकटीने सांगितलं. त्याने पत्ता विचारला. मग विचारलं, "जखम कुठे आहे?"

"छातीत. उजवीकडे."

"गाडी निघाली. दहा मिनिटं लागतील. ज्याने मारलं तो माणूस तिथेच आहे का?"

धाकटीने ताईकडे बघितलं. "नाही," ती म्हणाली आणि कोपराने फोन बंद केला.

"उजवीकडे?" ताईने विचारलं. "उजवीकडे कशी? मी बघून मारली. डावीकडे."

"तुझ्या डावीकडे, ताई. त्याची ती उजवी. बाजू नेहमी पेशंटची धरायची."

पहिल्या वर्षाला जवळजवळ प्रत्येकीची हीच चूक होई आणि प्रत्येकजणी समोरचीला दुरुस्त करी. सवयीने तोंडातून गेलं. गेल्यावर तिला कळलं, आपण काय सांगून बसलो.

ताईने स्वतःच्या हाताकडे बघितलं. मग नवऱ्याकडे. सुरीचं टोक हवेत हळूच एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेलं.

"म्हणजे इकडे."

ते त्यानेही ऐकलं. टाचा जमिनीवर घासत तो मागे सरकायला बघू लागला. मागे भिंत होती. पट्टीची एक कड पुन्हा सुटली.

"हलू नका!" धाकटी ओरडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, सुरी ठेव. मी काय सांगितलं ऐकलंस ना? मारणारा इथे नाही. तू जा. मागच्या जिन्याने जा."

"आणि हा बरा झाला की?"

धाकटीने पट्टीची सुटलेली कड पुन्हा दाबून बसवली.

"बोल ना. पुस्तकातलं सगळं घडाघडा सांगतेस. हा बरा होऊन आला की काय करायचं? दार हेच. कडीही राहिली नाही."

"मला माहीत नाही."

"मला माहीत आहे."

ताई जवळ आली आणि गुडघ्यांवर बसली. तिचा श्वास शांत होता. तिघांत तेवढाच. धाकटीने उजवा हात प्लॅस्टिकवरून काढला नाही. डावा हात तिने त्याच्या छातीवर, दुसऱ्या बाजूला ठेवला.

"हात काढ, बाळा," ताई म्हणाली.

"नाही काढत."

"तुला लागेल."

सुरीचं टोक तिच्या पंजाच्या पाठीवर टेकलं, मधल्या दोन हाडांमधल्या मऊ जागेत. तळहाताखाली ते जोरजोराने आदळत होतं, मुठीएवढं.

धाकटीने बोटं आणखी पसरली.