गप्प म्हणजे न्हाई

“येस लिही आणि मोकळी हो!” कानातल्या फोनवर प्रज्योत करवादला. तो बेंगळुरात, कंपनीच्या गार खोलीत. रक्षिता जंगलातल्या कुंभारवाडा गावाच्या वरच्या अंगाच्या वाडीत, बापाच्या ओट्यावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन. खाली अंगणात बापासमोर, गुणासमोर, दोन सरकारी साहेब बसले होते. वाडी इथून उठवून जंगलाबाहेर न्यायची बोलणी घेऊन आले होते, परत एकदा. तिचा एक कान तिकडं होता.

ती ज्या अवजारानं कंपनीचे सर्व्हर उभे करायची, ते अवजार सज्जन होतं. आधी सांगायचं, मग करायचं. काय बांधणार, काय बदलणार, काय पाडणार, सगळं पडद्यावर मांडून विचारायचं: करू का? ‘येस’ लिहिलं तरच हात लावायचं. दुसरं काहीही लिहा, नाहीतर काही न लिहिता नुसतं एंटर दाबा, ते मुकाट माघारी फिरायचं.

आज त्यानं मांडलं होतं: एक नवं बांधणार, एक जुनं पाडणार. जुनं म्हणजे खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांच्या नोंदींचं कोठार. कुणाला कसला ताप, कुणाला कोणतं औषध सोसत नाही, सगळं त्यात. प्रज्योतनं फक्त जागेचं नाव बदललं होतं. पण ह्या कोठाराला जागेवरून हलवता येत नाही. पाडायचं आणि दुसरीकडं बांधायचं, एवढंच.

“एक जाणार, एक येणार. नावही तेच,” प्रज्योत म्हणाला. “भीती कशाची तुला?”

“नाव तेच, पण आत कोण? तू ज्याला जागा बदलणं म्हणतोस, त्याला हे पाडणं म्हणतंय. नीट वाच. नवं उभं राहील ते रिकामं.”

“अगं, मी क्लायंटला दुपारचा शब्द दिलाय.”

“मग शब्द तू खा. लोकांची दुखणी मी खाणार नाही.”

आणि तिनं लिहिलं: न्हाई. तशी गरज नव्हती. कुत्रं-मांजर काहीही लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण तिला तेच लिहायचं होतं. पडद्यावर एक ओळ उमटली. रद्द.

प्रज्योत नमला. “बरं. आधी आतलं सगळं काढून नीट ठेव. नवं मग बांधू.”

“आता कसं बोललास,” म्हणत तिनं फोन ठेवला.

अंगणात थोरले साहेब कोकम सरबताचा घोट घेत सांगत होते, “एक वाडी जाणार, एक वाडी उभी राहणार, गुणाण्णा. नावसुद्धा हेच ठेवू. पक्की घरं, दारात बस. अजून काय पाहिजे माणसाला?”

लॅपटॉपच्या झाकणावर रक्षिताचा हात थबकला.

गुणा गप्प. अडकित्त्यात सुपारी, नजर सुपारीवर. वाडीत याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. ज्याच्या हातात आपल्या घरचा पेला आहे, त्याला तोंडावर न्हाई म्हणायचं नसतं. गप्प बसायचं. शहाणा पाव्हणा पेला रिता करतो, चपला घालतो आणि तो विषय परत काढत नाही.

हे साहेब शहाणे नव्हते. की नको इतके शहाणे होते?

“गुणाण्णांची काही हरकत दिसत नाही,” ते धाकट्या साहेबांना म्हणाले. “लिहा, संमती.”

धाकट्या साहेबांनी पेनचं टोपण काढलं.

नदीपलीकडची वाडीही अशीच गप्प बसली होती. आज तिथं तुळशीच्या कट्ट्यांवर रान माजलंय. आणि माणसं लांब एका उघड्या माळावर, वाडीच्या नावाच्या पाटीखाली सावली शोधत बसतात. पाटी मात्र झकास रंगवलीय.

गुणानं मान वळवली. “रक्षे, मगाशी तुज्या त्या मशीनला काय सांगितलंस गं? थांबलं न्हवं ते?”

“न्हाई म्हटलं, आप्पा,” रक्षिता ओट्यावरून म्हणाली, साहेबांना स्पष्ट ऐकू जाईल अशी. “पण ते मशीन आपण गप्प बसलो तरी थांबतं. ही माणसं थांबायची न्हाईत.”

साहेब हसले. “पोरगी हुशार आहे हं. पण हे मोठ्यांचं बोलणं चाललंय, बाळ.”

गुणानं अडकित्ता खाली ठेवला. उठला. पंच्याला हात पुसले. मग दोन पावलं पुढं होऊन त्यानं साहेबांच्या हातातून अर्धा प्यालेला पेला काढून घेतला आणि उरलेलं सरबत शेवंतीच्या मुळाशी ओतलं. या वाडीत कुणी कुणाच्या हातातून पेला घेतलेला रक्षितानं जन्मात पाहिला नव्हता. धाकट्या साहेबांचं पेन कागदाच्या वर तसंच लटकत राहिलं.

“आता तुमी पाव्हणं न्हाई,” गुणा म्हणाला. “आता बोलतो.”