नळावरचं धुणं

"सोड ती बादली," आई म्हणाली.

त्यानं सोडली नाही. कडीला एका बाजूनं त्याचा हात, दुसऱ्या बाजूनं आईचा. बादलीत चादर, गाऊन आणि दोन टॉवेल एकात एक कोंबलेले होते. चादरीवरचा डाग सुकून तपकिरी पडला होता.

"ती उठली की धुईल तिचं ती. नाहीतर गाठोडं बांधून टाकून दे. पण तू हे घेऊन नळावर जायचं नाहीस."

"ती उठणार कधी, आई?"

आईनं कडी आणखी घट्ट धरली. आतल्या खोलीत त्याची बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती. दिवस गेले होते, चौथा महिना चालू होता. तिला त्रास सुरू झाला तेव्हा तो मालाचा ट्रक घेऊन दूर कुठेतरी घाट उतरत होता. दवाखान्यात तिला आईनंच नेलं. तो पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं; मूल गेलं होतं. "तुम्हाला यायला उशीर झाला," एवढंच ती म्हणाली. रागानं म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं. त्यानंतर तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

खुर्चीतल्या वडिलांनी पेपर जरासा खाली केला.

"आईचं ऐक. आपल्याला चार घरांत तोंड दाखवायचंय."

त्यानं बादलीला हिसका दिला. आईचा हात सुटला. तिनं पुन्हा पुढे केला नाही, पण ती त्याच्याकडे अशी बघत राहिली की त्याला परक्याच्या घरात उभं असल्यासारखं वाटलं. चुलीवरचं गरम पाण्याचं पातेलं दुसऱ्या हातात घेऊन तो बाहेर पडला.

अंगण सगळ्या बिऱ्हाडांचं होतं. नळ एकच, धुण्याचा दगडही एकच. सकाळची वेळ, त्यामुळे बायकांची गर्दी होती. तो येताना दिसला तशा गप्पा थांबल्या. एकीनं आपली बादली ओढून जागा करून दिली आणि नजर दुसरीकडे वळवली. तो दगडाशी उकिडवा बसला, चादर पसरली आणि पातेलं उचललं.

"गरम पाणी नको."

आवाज खिडकीतून आला. बायको गजांना धरून उभी होती. केस विस्कटलेले, ओठ पांढरे.

"रक्ताला गरम पाणी लागलं की डाग पक्का बसतो," ती म्हणाली. "आधी गार पाण्यात भिजवा. मूठभर मीठ टाका. साबण नंतर."

त्यानं पातेल्यातलं पाणी गटारात ओतून दिलं. शेजारणीनं घरात जाऊन मिठाची बरणी आणली आणि त्याच्याजवळ ठेवली. त्यानं चादर परत बादलीत घालून मीठ टाकलं आणि बादली नळाखाली लावली. पाण्याला आधी फिकट रंग आला, मग गडद. त्यानं ते ओतलं, दुसरं भरलं. खिडकीतली बायको हलली नाही. तिचे गाल ओले झाले होते. ती ते पुसतही नव्हती.

समोरच्या ओट्यावर शिंपी दात घासत बसला होता. त्याला राहवलं नाही.

"काय ड्रायव्हर, आज गाडी सोडून बायकोचे कपडे धुताय?"

"गाडी मालकाची आहे," तो मान वर न करता म्हणाला. "तीही धुतोच की. बायको तर माझी आहे."

कुणीतरी फिस्सकन हसलं. शिंपी तोंडातला फेस थुंकायला आत गेला.

तेवढ्यात आई दारातून बाहेर आली. बायकांनी वाट दिली. आता चारचौघांत तमाशा होणार हे सगळ्यांना कळलं होतं. त्याचे खांदे ताठ झाले. त्यानं बादली गुडघ्यांत घट्ट धरली.

"आई, मीच धुणार आहे."

"धू ना. मी कुठे नाही म्हणतेय?"

ती गुडघ्यावर हात टेकत त्याच्यासमोर बसली. त्यानं दगडावर पडलेला ब्रश उचलला.

"ब्रश घासू नकोस, चादर विरेल. मुठीत धरून चोळ. हां, तसं." मग तशाच आवाजात ती म्हणाली, "तुझ्याआधी माझंही एक गेलं."

त्याचे हात थांबले.

"कधी बोलली नाहीस."

"कुणाशी बोलणार? घरात परत आले तेव्हा असंच गाठोडं कोपऱ्यात पडलेलं होतं. कुणी हात लावला नव्हता. अंगात ताप होता. ह्याच दगडावर धुतलं सगळं. मध्येच भोवळ आली, मग जरा टेकले आणि पुन्हा धुतलं." तिनं चादरीचं एक टोक उचलून उन्हात धरलं. "काल तू दवाखान्यातून ते गाठोडं उचलून आणलंस ना, तेव्हा मला तेच कोपऱ्यातलं दिसलं. तुझा राग आला मला. का आला ते मलाच कळेना."

खिडकीतून बायको सासूकडे बघत होती. सासूनंही एकदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"तू आडवी हो," ती म्हणाली. "इथे मी आहे."

वडील दाराशी येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं की अर्धंच, कळायला मार्ग नव्हता. पेपर अजून हातातच होता. त्यांनी आवाज खाली आणून आईला हाक मारली.

"आत ये. लोक बघताहेत."

तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. चादरीचं दुसरं टोक मुलाच्या हातात दिलं आणि पिळायला स्वतःच्या टोकाला पीळ घातला.

"बघू देत. तेव्हाही बघतच होते."