सायकली किती?

दवाखान्यात नवऱ्याच्या खाटेवर नकाशा पसरून विदुलाताई सांगत होत्या, "व्हिएतनामला अजिबात घाई करायची नाही. सकाळी भातशेतांमधून सायकल, दुपारी झोप, संध्याकाळी नदीत होडी."

दोघांचा हा पहिलाच परदेश प्रवास. निवृत्तीनंतर जायचं ठरलं आणि मधेच अरविंदरावांचं आजारपण उपटलं. कालचा रिपोर्ट विदुलाताईंनी त्यांच्यापासून लपवला होता.

"सायकली किती सांगितल्यास?" अरविंदरावांनी विचारलं.

"दोन."

"एकच सांग. सकाळी तू चहाला गेलीस, तेव्हा डॉक्टरांनी मला सगळं सांगितलं." त्यांनी बायकोचा हात धरला. "एकटीला धास्ती वाटली तर बहिणीला ने. पण जा, विदुला."

इतके दिवस बाथरूममध्ये नळ सोडून रडणाऱ्या विदुलाताई आज पहिल्यांदा त्यांच्यासमोर रडल्या.